टिलमनसाहेबांचा घसा ठणठणीत आहे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाराष्ट्र मित्रमंडळाचे संस्थापक माननीय श्यामकांतराव, व्यासपीठावर विराजमान झालेले रेडिओ पेग्निट्झचे संचालक हेर डिस्टलर, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आपले सत्कारमूर्ती, ज्येष्ठ वृत्तनिवेदक श्रीयुत ऑर्विल टिलमन, पहिल्या रांगेतल्या फ्राऊ टिलमन, एरलांगेनहून आणि थेट नेकारसुल्महून या थंडीत आलेली मित्रमंडळी, दाराशी किल्ल्या घेऊन उभे असलेले या सभागृहाचे हाउसमाइस्टर, आणि बंधुभगिनींनो,

हेर डिस्टलर आपलं नाव ऐकून मान डोलावताहेत. आपणही त्यांच्याकडे पाहून हसावं. जरा मोकळं हसा, सरलावहिनी, दाढ दुखल्यासारखं नको. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मातृभाषेतून शुभेच्छा' असं छापलं आहे, ते मीच छापून घेतलं. पाहुण्यांना कळणार नाही अशा भाषेत त्यांच्यासमोर बोलणं शिष्टाचाराला धरून नाही, हे मला ठाऊक आहे. आताच श्रीरंगनं संचालकांचं भाषण आपल्याला मराठीत समजावून दिलं, फार छान दिलं. पण श्रीरंग, माझं भाषण तू त्यांना जर्मनमध्ये सांगायचं नाहीस. त्यांनी विचारलंच तर म्हणावं, बाई आभार मानताहेत. ते काही खोटं नाही.

नवीन आलेल्यांसाठी सांगते, मी उल्का परचुरे. एरलांगेनला रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली आणि आता इथे न्युरेम्बर्गमध्ये एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माझा स्वभाव संशयी आहे असं मंडळात म्हणतात. म्हणोत. प्रयोगशाळेत त्याचाच पगार मिळतो.

तर संचालकांनी काय सांगितलं? टिलमनसाहेबांनी 'स्वतःच्या विनंतीवरून, घशाच्या विकारामुळे' मायक्रोफोनचा निरोप घेतला. वाक्य सुंदर आहे. सप्टेंबरात रेडिओवरून हेच वाक्य वाचलं गेलं, वर्तमानपत्रात हेच छापून आलं, आणि आज या व्यासपीठावरही हेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला संशय येतो तो इथेच. खरं सांगणारा माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगताना थोडं गाळतो, थोडं वाढवतो, मध्येच त्याला काहीतरी आठवतं. पाठ केलेल्या माणसाला नवं काही आठवत नाही.

शिवाय घसा. गेल्या शनिवारी मी हाउप्टमार्क्टवर भाजी घेत होते. चौकाच्या दुसऱ्या टोकाकडून, कोबी विकणाऱ्या बायकांच्या आरड्याओरड्यावरून, "फ्रॉयलाइन डोक्टर" अशी हाक आली. चौकातल्या निम्म्या लोकांनी वळून पाहिलं. हा आवाज न्युरेम्बर्गात सगळे ओळखतात. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुमच्या घशाला विकार झालाय ना? ते म्हणाले, "मीही वर्तमानपत्रातच वाचलं." एवढंच म्हणाले. मी खूप खोदून विचारलं, पण पुढे एक अक्षर नाही. ते स्वतः काही सांगणार नाहीत, हे मला माहीतच होतं. त्यांचा जुना नेम आहे, स्वतःबद्दलची बातमी स्वतः द्यायची नाही. ती दुसऱ्यानं शोधून काढावी.

आता तुम्ही म्हणाल, गेले तर गेले, मानानं निरोप देऊ या, फराळ थंड होतोय. पण गावात काय बोललं जातंय, ते तुमच्याही कानावर आलं असेल. श्रीरंगला त्याच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये लोक म्हणाले, तुमचा टिलमन घाबरून पळाला. मोठ्या माणसाला प्रश्न विचारला, वरून डोळे वटारले गेले, आणि घसा धरून घरी बसला. ज्या माणसानं चौदा वर्षं या शहराला खरी बातमी दिली, त्याच्याबद्दलची शेवटची बातमी खोटी निघावी आणि ती त्याच्या नावाला कायमची चिकटून राहावी? मला हे सहन होत नाही. रागच येतो म्हणा ना. ते स्वतःहून गेले की त्यांना घालवलं, एवढंच मला आज या सभागृहातून बाहेर पडण्यापूर्वी कळायला हवं आहे. बाकी सगळे सत्काराचे शब्द मी त्यानंतर बोलेन.

पण आधी माणूस कोण आहे, ते सांगायला हवं.

टिलमनसाहेब अलाबामातल्या एका गिरणीच्या गावात जन्मले. वडील न्हावी. दुकानात येणारी गिऱ्हाइकं दिवसभर गप्पा मारायची आणि वडील वस्तरा चालवता चालवता एकच विचारायचे, "हे म्हणतंय कोण?" मुलानं तोच धंदा पुढे चालवला, फक्त वस्तरा सोडला. पंचेचाळीस साली सैनिकाच्या गणवेशात ते या शहरात आले. हे शहर तेव्हा विटांचा ढीग होतं. जगाला वंशाचा अहंकार सोडा म्हणून सांगायला आलेल्या त्या फौजेत कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण वेगळी, जेवणाचं टेबल वेगळं. हे ते कधी रडून सांगत नाहीत. सांगतात ते असं, "सरकार काय बोलतं आणि जेवायला कुठे बसवतं, दोन्ही पाहावं."

फौजेच्या रेडिओवर ते बातम्या वाचायला लागले. त्यांची पलटण परतली, हे राहिले. एका विधवा शिक्षिकेकडून जर्मन शिकले, आणि असे शिकले की बावन्न साली रेडिओ पेग्निट्झनं त्यांना आधी इंग्रजी आणि मग जर्मन बातम्या वाचायला घेतलं. टिलमान हे आडनाव जर्मनांतही असतं. ऐकणाऱ्यांनी ठरवूनच टाकलं की हे कोणीतरी शुद्ध जर्मन बोलणारे हानोफरकडचे प्राध्यापक असणार. एकदा एक आजी फुलं घेऊन केंद्रात आल्या. त्यांचे यजमान गेल्यापासून संध्याकाळी घरात हाच काय तो एक पुरुषाचा आवाज. टिलमनसाहेब समोर आले, हात पुढे केला, तर आजींनी फुलं शेजारच्या तंत्रज्ञाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, हेर टिलमान, तुम्ही इतके तरुण असाल असं वाटलं नव्हतं. टिलमनसाहेबांनी काय करावं? त्यांनी तिथल्या तिथे दुपारच्या बातम्यांचा मथळा वाचून दाखवला. आजींनी तंत्रज्ञाकडून फुलं काढून घेतली आणि यांना दिली. पुढे दर नाताळात त्यांच्याकडून लेबकूखन बिस्किटांचा डबा यायचा.

आपणही हसू नये फार. साठ साली मी त्यांच्या कार्यक्रमात बोलायला जाणार हे कळलं, तेव्हा आपल्या मंडळात काय काय बोललं गेलं? अमेरिकन माणूस भारतीय विद्यार्थ्यांना इतके प्रश्न कशाला विचारतो, नक्की गुप्तहेर असणार. दुसरे म्हणाले, पूर्वेकडच्यांचा असेल. आणि तिसरे काय म्हणाले ते मी व्यासपीठावरून सांगणार नाही, पण ते त्यांच्या रंगाबद्दल होतं, आणि म्हणणारे आज दुसऱ्या रांगेत हार घेऊन बसले आहेत. वधू पाहिजे, गोरी पाहिजे, अशा जाहिराती वाचत मोठी झालेली माणसं आपण. असो. हार ताजा आहे, हे मान्य करते.

त्यांचा कार्यक्रम तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय, बुधवारची संध्याकाळची बैठक. शहरातला कोणीही माणूस येऊन मायक्रोफोनसमोर बसायचा आणि हे विचारायचे. त्यांची विचारण्याची रीत मी समोर बसून पाहिली आहे. प्रश्न अगदी साधा. शाळेतल्या पोराला कळेल असा. आणि प्रश्न विचारून झाला की हे गप्प. समोरचा उत्तर देतो, पाठ केलेलं. हे तरी गप्पच. मान हलवत नाहीत, हूं म्हणत नाहीत, पुढचा प्रश्न टाकत नाहीत. आपल्याला काय सवय? समोरचा अडखळला की आपण त्याचं वाक्य पूर्ण करून देतो, पाणी देतो, विषय बदलतो. ते त्यातलं काहीच करायचे नाहीत. रेडिओवर नुसती शांतता. घराघरात लोक पेटीवर थापा मारायचे, बिघडली की काय म्हणून. आणि मग त्या शांततेत समोरचा माणूस जे बोलायचं नव्हतं ते बोलायचा. मला त्यांनी विचारलं, "इथे सुखी आहात?" मी म्हटलं, हो, फार छान देश आहे, लोक प्रेमळ आहेत. ते गप्प. मग मी म्हटलं, रविवारी मला रडू येतं. हे मी घरीही कधी कळवलं नव्हतं.

दुसरी रीत त्यांच्या बातमीची. एकमेकांशी न बोललेल्या दोन माणसांनी तीच गोष्ट सांगितल्याशिवाय बातमी वाचायची नाही. एकानं सांगितलं तर ती नुसती गोष्ट. "वेर झाग्ट दास?" हे तर त्यांचं पालुपदच. आम्ही त्यांना त्याचं मराठी शिकवलं, "कोण म्हणतं?" टिलमनसाहेबांना मराठीतले एवढेच दोन शब्द येतात. आत्ता ऐकून त्यांनी कान टवकारले, पाहिलंत ना?

या रीतीची किंमत मला कळली एकसष्टच्या जुलैत. पानशेत फुटलं, पुण्यात पूर शिरला. तारा तुटल्या, टपाल बंद. इथे नुसत्या अफवा. माझे वडील नारायण पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर, एकटे. घरच्यांना मी पत्ता दिला होता श्यामकांतरावांचा, कारण मी खोल्या बदलत फिरणारी विद्यार्थिनी. त्यांच्या घरी मुंबईच्या चुलतभावाची तार आली, 'फादर सीरियस.'

इथे जर्मन बसलेले आहेत त्यांना हे कधी कळणार नाही, पण तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे 'सीरियस' अशी तार येते तेव्हा माणूस गेलेला असतो. गेला असं तारेत कोणी लिहीत नाही. धक्का बसू नये म्हणून आपण एक पायरी खाली लिहितो, आणि वाचणारा एक पायरी वर वाचतो. श्यामकांतरावांनी तसंच वाचलं. मला न सांगायचं असंही ठरवलं, माझ्या भल्यासाठी. आणि त्या संध्याकाळी माझ्या खोलीवर एकेक जण यायला लागला. सरलावहिनी भाताचं पातेलं घेऊन, "सहज आले हो." श्रीरंग आणि श्यामकांतराव, "सहज." कोणी एरलांगेनच्या दुसऱ्या टोकाहून, तेही सहज. अहो, कामाच्या दिवशी इतकी माणसं सहज येतात का? मीही मराठी आहे. वहिनींनी माझ्या ताटात न विचारता भात वाढला तेव्हाच मी ओळखलं की बाबा गेले. पण त्या सांगत नाहीत, आणि मी विचारत नाही. सगळे मिळून बटाट्याच्या भावाबद्दल बोलत होतो.

तेवढ्यात टिलमनसाहेब आले. पुराची बातमी त्यांच्याकडे आली होती, म्हणून माझी चौकशी करायला आले. दारातूनच त्यांना काहीतरी खटकलं. त्यांनी श्यामकांतरावांना बाजूला घेतलं, आणि खोली एवढीशी, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"यांचे वडील गेले, असं कोण म्हणतं?"

"तार आलीय, सीरियस."

"सीरियस म्हणजे आजारी."

"आमच्यात तसं नसतं, हेर टिलमन."

"तुमच्यात काय असतं ते मी नंतर शिकेन. मेलेला माणूस पाहिलेला एक तरी माणूस मला दाखवा."

टिलमनसाहेब माझ्याकडे वळले आणि त्यांनी जे होतं ते सरळ सांगितलं. तार आलीय. तीत सीरियस असं लिहिलंय. याहून जास्त या खोलीत कोणालाही माहीत नाही. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. माझ्या माणसांनी मला भात दिला आणि या परक्या माणसानं खरं सांगितलं. वहिनी, राग मानू नका, भातही मी खाल्ला.

मग त्यांनी केंद्राच्या टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या ओळखीच्या बातमीदाराला विचारलं, त्यानं पुण्याच्या एकाला गाठलं, तो चिखल तुडवत ससूनमध्ये गेला. निरोप आला, या नावाचे गृहस्थ आहेत, पाय मोडलाय, तापही आहे. मी रडायला लागले. टिलमनसाहेब म्हणाले, थांबा, हा एकच माणूस झाला. एका नावाची दोन माणसं असतात. त्यांनी पुन्हा विचारलं आणि या वेळी दुसऱ्याला पाठवलं, म्हाताऱ्याच्या तोंडून असं काही काढा की ते फक्त मुलीलाच कळेल. उत्तर आलं, "उल्कीला सांग, चष्मा वाहून गेला आणि इथला चहा पाणचट आहे." हे माझेच वडील. यात संशयाला जागा नव्हती. आज ते ऐंशीचे आहेत आणि चहाला अजून नावं ठेवतात.

त्या दिवसापासून मी एक शिकले. गोड शब्दांत आलेली वाईट बातमी मी लगेच खरी धरत नाही, आणि लगेच खोटीही धरत नाही. मी विचारते, कोण म्हणतं.

आता या वर्षाकडे येऊ. हेर डिस्टलर घड्याळ पाहताहेत. जरा टाळ्या वाजवा बरं. छान. त्यांना वाटलं भाषण रंगतंय.

मार्चमध्ये श्रीरंगला खोली हवी होती. शहराच्या दक्षिण भागात, झ्युडश्टाटमध्ये, एक सजवलेली खोली जाहिरातीत होती. फोन केला तर रिकामी. दारात उभा राहिला तर, माफ करा, आत्ताच दिली. श्रीरंगला याची सवय होती, आपल्या सगळ्यांनाच आहे. त्यानं ही गोष्ट टिलमनसाहेबांकडे सहज बोलून दाखवली. ते म्हणाले, तू एकटा म्हणतोस, ही गोष्ट झाली. मग त्यांनी एका जर्मन सहकाऱ्याला तिथे पाठवलं. खोली रिकामी होती. स्वतः गेले. खोली दिलेली होती. पुन्हा फोन केला. खोली रिकामी. आणि मग बुधवारच्या बैठकीत त्यांनी त्या घरमालकांना रीतसर बोलावलं. ते गृहस्थ आनंदानं आले, शहराच्या उभारणीवर बोलायचं म्हणून. टिलमनसाहेबांनी त्यांना सगळं बोलू दिलं. शेवटी एवढंच विचारलं, "तुमची खोली रिकामी आहे का?" आणि गप्प बसले.

ती शांतता मी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून ऐकली. दूध उतू गेलं. गृहस्थ म्हणाले, माझा काही आक्षेप नाही हो, पण शेजारी काय म्हणतील. टिलमनसाहेबांनी विचारलं, "कोणता शेजारी म्हणतो?"

त्या गृहस्थांचं नाव मी घेणार नाही. ते रेडिओ पेग्निट्झच्या सल्लागार मंडळावर बसतात, एवढं सांगितलं तरी पुरे. श्रीरंगला खोली मिळाली, दुसरीकडे, चांगली. आणि टिलमनसाहेबांचं काय झालं? एप्रिलमध्ये बैठक बुधवारवरून रविवार दुपारी गेली, लोक फिरायला जातात त्या वेळेला. मे महिन्यात एका आठवड्याआड व्हायला लागली. मग उन्हाळ्याची सुटी जाहीर झाली, आणि ती सुटी काही संपलीच नाही. सप्टेंबरात घसा बिघडला.

आता मला सांगा, यात योगायोग कुठे संपतो?

श्यामकांतराव मला डोळ्यांनी खुणावताहेत, आवरा म्हणून. अहो श्यामकांतराव, तुमची काळजी मला कळते. आउसलेंडरआम्टात, त्या परदेशी लोकांच्या कचेरीत, दर वर्षी मुक्कामाच्या शिक्क्यासाठी आपल्यालाच रांगेत उभं राहायचंय. मोठ्या लोकांना कशाला दुखवा. कालच तुम्ही म्हणालात, उल्काताई, आपण पाहुणे आहोत, शाल द्या, श्रीफळ द्या आणि गोड बोला. नारळ या शहरात किती मुश्किलीनं मिळाला तेही मला ठाऊक आहे. पण ज्या माणसाची जागा आपल्यातल्या एका पोराच्या खोलीपायी गेली असेल, त्याला नारळ देऊन घरी पाठवायचं आणि त्याच्याबद्दलचं खोटं तेवढं इथे ठेवून घ्यायचं? हे मला जमणार नाही. शिक्का नाही मिळाला तर नाही मिळाला. माझ्यापुरतं मी ठरवून आले आहे.

मला एका माणसानं सांगितलंय की टिलमनसाहेबांनी असा कुठलाही अर्ज केला नव्हता. तो माणूस हे जाणण्याच्या जागी आहे. नाव सांगणार नाही, तुम्ही इकडेतिकडे पाहू नका. पण तो एकच माणूस आहे. एका माणसाच्या बोलण्यावर मी हेर डिस्टलरांना खोटं ठरवलं, तर समोर बसलेले हे सत्कारमूर्ती मला उद्या घरात घेणार नाहीत. कदाचित मीही तार एक पायरी वर वाचत असेन. कदाचित घसा खरोखरच बिघडला असेल. संचालक वाईट माणूस आहेत असंही मी म्हणत नाही. बावन्न साली टिलमनसाहेबांना जर्मन बातम्या द्या म्हणून भांडणारे तेच होते, हे मला टिलमनसाहेबांनीच सांगितलंय.

म्हणून मी विचारते. साधा प्रश्न, त्यांच्याच भाषेत. तिसऱ्या रांगेत वर्तमानपत्राचे प्रतिनिधी बसले आहेत, त्यांनाही कळेल. मी विचारल्यावर कोणी टाळ्या वाजवायच्या नाहीत, खोकायचं नाही, सरलावहिनी, चहाचं विचारायचं नाही. आपल्याला शांतता सोसवत नाही, आज सोसा.

हेर डिरेक्टोर, हाट हेर टिलमन सेल्ब्स्ट गेक्युंडिग्ट?

टिलमनसाहेबांनी स्वतः नोकरी सोडली का, एवढंच मी विचारलंय.

हो, त्यांनी पहिल्यासारखं तेच वाक्य सांगितलं. स्वतःच्या विनंतीवरून. ऐकलं आपण. मी अजून गप्पच बसते.

नाही, श्रीरंग, खाली बस. त्यांना शब्द नको देऊस.

श्यामकांतराव, तो पाण्याचा पेला तिथेच राहू द्या.

ऐकलंत?

"नाइन." हेर डिस्टलर म्हणाले, नाही. आणि पुढे काय म्हणाले ते मीच सांगते, कारण श्रीरंगच्या डोळ्यांत पाणी आलंय. ते म्हणाले, "त्यांनी विनंती केली नव्हती. सही माझी आहे. मला ती करायला नको होती." हे मी एका शब्दानंही वाढवलेलं नाही. तिसऱ्या रांगेतले गृहस्थ लिहून घेताहेत. घ्या लिहून, सावकाश घ्या.

डांके, हेर डिरेक्टोर. आता तुम्ही पाणी घ्या. हे बोलणं सोपं नव्हतं, हे मला कळतं, आणि मघापासून तुमच्याबद्दल मराठीत जे बोलले ते मी उद्या तुमच्या कचेरीत येऊन जर्मनमध्ये सांगेन. तुम्हाला कळायला हवं.

काय म्हणालात, टिलमनसाहेब? जरा मोठ्यानं. घसा ठणठणीत आहे तुमचा, सगळ्यांना ऐकू द्या.

"कोण म्हणतं?"

दोघं म्हणतात, साहेब. एकमेकांशी न बोललेले दोघं. बातमी वाचायला हरकत नाही.

फ्राऊ टिलमन, रडू नका. रडलात तरी चालेल.

तर मंडळी, ऑर्विल टिलमन घाबरून पळाले नाहीत. त्यांना घालवलं, आणि तेही त्यांनी एका मोठ्या माणसाला खोली रिकामी आहे का असं विचारल्यानंतर. उद्या कॅन्टीनमध्ये कोणी घशाचं काढलं, तर काय सांगायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. त्यांची जागा परत मिळेल की नाही, मला माहीत नाही. ती मिळेल असं मला आजपर्यंत एकाही माणसानं सांगितलेलं नाही, त्यामुळे मी तसं म्हणत नाही. पण ती खोटी बातमी त्यांच्या नावाला चिकटून राहणार नाही, एवढं झालं. आता दुसऱ्या रांगेतल्यांनी तो हार घेऊन वर यावं. तुम्हीच घाला. मीच सुचवते.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आभार, विशेषतः मला मध्येच खाली बसवण्याचा मोह आवरल्याबद्दल. हेर डिस्टलरांचे आभार, एका शब्दासाठी. सरलावहिनींचे आभार, त्या एकसष्टातल्या भातासाठी, ते मानायचे राहून गेले होते. हाउसमाइस्टर इतका वेळ किल्ल्या न वाजवता उभे राहिले, त्यांचेही. आणि टिलमनसाहेबांचे आभार मी मानत नाही, ते पुढच्या रविवारी माझ्याकडे जेवायला येणार आहेत, तेव्हा मानेन. रविवारी मला अजून कधीकधी रडू येतं, त्यांना ते माहीत आहे.

बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, कोणाचा मान राहिला नसेल, तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आणि मी कुठे खोटं बोलले असं कोणाला वाटलं, तर जरूर येऊन सांगा. येताना दोघं या, पण वाटेत एकमेकांशी बोलू नका.